कुटुंब नियोजनाच्या नोंदवहीत मनाचा रकाना

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यासाठी मराठवाडा-विदर्भातले जे १४ जिल्हे निवडले गेले, त्यांत हिंगोली होता. गावच्या आशाताईने शेतकरी कुटुंबांत जायचे, घरातल्या माणसांच्या मनाची विचारपूस करायची आणि खचलेल्याला उपचारांपर्यंत पोचवायचे, अशी त्याची आखणी होती. त्याच आशाताईच्या पिशवीत निरोधची पाकिटे आणि माला-एन गोळ्यांची पाने आधीपासून होती, कारण पाळणा लांबवण्याची साधने घरपोच देण्याची केंद्राची योजना २०११ साली सुरू झाली होती. म्हणजे कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर स्त्रीच्या मनाची आणि तिच्या गर्भनिरोधनाची अशा दोन्ही गोष्टींची चौकशी करणारी बाई एकच आहे. पण कार्यक्रम दोन, अहवाल दोन, वरचे साहेबही दोन. एका वहीत बाई 'पात्र जोडपे' म्हणून नोंदली जाते, दुसरीत 'ताणाखालील व्यक्ती' म्हणून. ती दोन्हीकडची एकच बाई आहे, हे कुठल्याही वहीला ठाऊक नसते. नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्या स्त्रीला कोणते गर्भनिरोधक द्यावे, कसे द्यावे, यावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. ते हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या परिस्थितीशी ताडून पाहिले, तर आपल्या व्यवस्थेची भीती आणि सावधगिरी नेमकी उलट्या जागी लागलेली दिसते. बदलता येण्याजोग्या साधनांबद्दल आपण धास्ती बाळगतो आणि जी शस्त्रक्रिया जवळपास कायमची असते, तिच्याआधी मनाबद्दल एक प्रश्नही विचारत नाही.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात १२ राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नाही, असे त्या सर्वेक्षणाने दाखवले. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आपल्याला सर्वांत जवळचा अभ्यास गोव्यातला आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली तो प्रसिद्ध केला. त्यात २७० माता होत्या आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रिया नैराश्यात आढळल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याबद्दलची घरची नाराजी ही त्यामागची ठळक कारणे. पुढे २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या २० हजारांहून अधिक मातांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हाही आकडा २२ टक्क्यांवरच आला. हिंगोलीसाठी वेगळा आकडा काढण्याचा अट्टाहास नको. पण वर सांगितलेली तिन्ही कारणे या जिल्ह्यात गोव्यापेक्षा कमी असतील, असे कोण म्हणेल? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि दर शंभरातले सुमारे ८५ लोक खेड्यात राहणारे होते. १ मे १९९९ रोजी ज्या परभणीतून हा जिल्हा वेगळा निघाला, त्या परभणीत २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (पाचव्या फेरीत) २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. जिल्ह्याची हद्द बदलली म्हणून लग्नाचे वय बदलत नाही. सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत पहिले बाळ, बाविशी-तेविशीत दुसरे आणि मग 'आता ऑपरेशन करून टाका', हा क्रम सासरच्यांनाही पाठ आहे आणि आरोग्य केंद्रालाही.

आता वैद्यकीय पुराव्याकडे वळू, कारण शहरी वाचकांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की, गोळ्यांनी नैराश्य येते का? २०१६ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या सरकारी नोंदी तपासल्या. संप्रेरकयुक्त गोळ्या घेणाऱ्यांत नैराश्याचे औषध पहिल्यांदा सुरू होण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.२३ पट निघाले. १५ ते १९ वयाच्या मुलींत ते १.८ पट होते. या बातमीने जगभर खळबळ उडाली. पण पटींच्या भाषेत जे मोठे दिसते, ते मोजणीच्या भाषेत लहान असते. संप्रेरके न घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षभरात १.७ जणींना औषध सुरू झाले, घेणाऱ्यांपैकी २.२ जणींना. शिवाय ज्यांना आधीच नैराश्य होते त्या स्त्रियांना या अभ्यासातून वगळले होते. म्हणजे त्याचा निष्कर्ष निरोगी स्त्रियांबद्दल आहे. आधीच खचलेल्या स्त्रीबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि आपला प्रश्न तर तिचाच आहे. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवर २०२३ साली आलेल्या अभ्यासात गोळ्या सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत धोका वाढलेला दिसला. तेव्हा 'काही होत नाही हो, मनाचे खेळ आहेत' असे म्हणून तक्रार उडवून लावायला कोणालाही मोकळीक नाही. अगदी तरुण मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही. आणि आपल्याकडे गोळ्यांचे पान ज्यांच्या हातात पडते, त्यांतल्या कित्येक जणी एकोणीस-वीसच्याच असतात.

नोंदी तपासून काढलेल्या निष्कर्षाला एक मर्यादा असते. गोळी घेणारी आणि न घेणारी या दोघींच्या आयुष्यात गोळीखेरीज आणखी पुष्कळ काही वेगळे असते. ती मर्यादा ओलांडायची, तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या जणींना खरी गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच बिनऔषधी गोळी द्यावी लागते. स्वीडनमध्ये हे ३४० निरोगी स्त्रियांवर तीन महिने करून पाहिले गेले आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेवोनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्रॅडिऑल होते. आपल्या उपकेंद्रात फुकट मिळणाऱ्या माला-एनमधले संप्रेरकांचे प्रमाण अगदी हेच आहे. स्टॉकहोमची ती चाचणी अनायासे आपल्याच गोळीची ठरली. नैराश्याच्या लक्षणांत लक्षणीय वाढ झाली नाही, मात्र एकूण बरे वाटणे, उत्साह, स्वतःवरचा ताबा यांत थोडी घट झाली. डॉक्टरांच्या भाषेत हा 'आजार' ठरत नाही. पण पहाटे उठून पाणी भरून सोयाबीनच्या खुरपणीला जाणाऱ्या बाईचा उत्साह थोडा कमी झाला, तर तिच्या दिवसाला त्याची झळ पोचते. आणि ती गोळ्या बंद करते ती बहुधा याच कारणाने, 'गोळी मानवत नाही' एवढेच सांगून. आधीपासून नैराश्य असलेल्या स्त्रियांवरचे अभ्यास मोजके आहेत, त्यांचा दर्जाही फारसा भक्कम नाही. पण त्यांचा रोख एकाच बाजूला आहे, गर्भनिरोधकांमुळे त्यांचे नैराश्य बळावल्याचे दिसत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत नैराश्य असलेल्या स्त्रीसाठी गोळ्या, तीन महिन्यांचे इंजेक्शन, तांबी ही सगळी साधने पहिल्या वर्गात आहेत, म्हणजे निर्बंध नाही. त्याच पानावर एक प्रामाणिक तळटीपही आहे: हे वर्गीकरण काही निवडक नैराश्यविकारांच्या माहितीवर बेतलेले आहे, बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल माहिती उपलब्ध नव्हती. चिंताविकाराचा तर त्या यादीत स्वतंत्र उल्लेखही नाही. जिथे माहिती नाही तिथे बंदी घालून भागत नाही. तिथे साधन द्यायचे आणि पुन्हा पुन्हा जाऊन विचारायचे, एवढाच मार्ग राहतो.

पण हिंगोलीतला खरा प्रश्न गोळीचा नाहीच, कारण गोळी इथे कोण घेते? वर सांगितलेल्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ६६.२ टक्के कोणते ना कोणते साधन वापरत होत्या, त्यांत ४९.१ टक्के म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश स्त्रियांची नसबंदी झालेली होती. गोळ्या दोन टक्क्यांच्याही आत. ग्रामीण भागात ऑपरेशनचा वाटा शहरापेक्षा जास्त आहे. देशपातळीवर स्त्रीच्या नसबंदीचे मध्यम वय २०१५-१६ मध्ये पंचवीस-सव्वीसच्या दरम्यान होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या निकषांनी गोळी-इंजेक्शनला मोकळे सोडले, त्याच निकषांत स्त्री नसबंदीच्या रकान्यात नैराश्यासमोर 'सावधगिरी' असा शेरा आहे. कमी वयासमोरही तोच शेरा आहे. मनाई नव्हे, पण नेहमीपेक्षा जास्त तयारी, जास्त बोलणे, जास्त वेळ. आपल्याकडे नसबंदी बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर करता येते. गोव्यातल्या अभ्यासाने नैराश्य मोजले ते सहाव्या ते आठव्या आठवड्यात. ज्या आठवड्यात चार-पाच मातांतली एक मनाने खचलेली असते, त्याच आठवड्यापासून तिच्या ऑपरेशनची तारीख धरायला सुरुवात होते, आणि खचलेल्या मनाला 'आता पुढे काही नको' असेच वाटत असते. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा १४ वर्षे मागोवा घेतला, तेव्हा तिशीच्या आत नसबंदी झालेल्यांपैकी २० टक्के स्त्रियांनी पश्चात्ताप सांगितला, तिशीनंतरच्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. भारतातल्या पाहण्यांत पश्चात्तापाचा आकडा बराच कमी, शंभरात पाच ते सात, असा येतो. पण घरात सासू उभी असताना परक्या पाहणीदाराला 'मला पस्तावा होतो' असे किती जणी सांगतील, हा विचार त्या आकड्याशेजारी ठेवायला हवा. एखादे मूल दगावले की हा पस्तावा कुठल्या थराला जातो, हे वेगळे सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे हलके नाही, की ऑपरेशन स्त्रियांनाच हवे असते. दर महिन्याला पाळी येईपर्यंतची धाकधूक संपते, नवऱ्याच्या नकाराची पर्वा उरत नाही, गोळी विसरण्याची भीती जाते; हे मनाला केवढे मोठे औषध आहे. खरेच आहे. नको असलेले गर्भारपण हे नैराश्याचे मोठे कारण आहे आणि ज्या बाईने समजून-उमजून ऑपरेशन करून घेतले तिची सुटका खरी आहे. ती सुटका कोणी हिरावून घ्यावी, असे इथे कोणी म्हणत नाही. म्हणणे इतकेच आहे की, समजून-उमजून घेतलेला निर्णय आणि उदासीच्या तळाशी असताना दिलेला होकार यांत फरक करण्याची सोय आज नाही. जिला झोप नाही, जेवण जात नाही, तिला तीन महिने 'अंतरा' इंजेक्शनवर किंवा काही वर्षे तांबीवर ठेवून निर्णय पुढे ढकलता येतो. मन सावरल्यावर तिने पुन्हा ऑपरेशनच मागितले, तर आनंदाने करावे. 'खचलेली बाई गोळ्या विसरते, म्हणून कायमचाच बंदोबस्त बरा' या युक्तिवादाची पहिली बाजू बरोबर आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तरुण मुलींवर झालेल्या संशोधनात नैराश्याची लक्षणे असताना साधनाच्या वापरात सातत्य राहत नाही आणि नको असलेली गर्भधारणा वाढते, असे दिसले आहे. दुसरी बाजू मात्र त्यातून निघत नाही. तांबी ३८०-ए दहा वर्षे चालते, तिलाही काही लक्षात ठेवावे लागत नाही, आणि नको झाली की ती काढता येते. मग ऑपरेशनच पुढे का येते? १९९६ साली केंद्राने कुटुंब नियोजनाची लक्ष्ये रद्द केली, पण वेगवेगळ्या नावांनी अपेक्षित आकडे उरले. आणि शस्त्रक्रियेचे आकडे शिबिराच्या दिवशी एकगठ्ठा मिळतात. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मधल्या अशाच शिबिरानंतर १३ स्त्रिया दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. तरी २०२५ च्या सुरुवातीला कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूरमध्ये शस्त्रक्रियेनंतर बायकांना फरशीवर झोपवल्याच्या बातम्या आल्याच. गाद्या पुरत नाहीत तिथे मनाची चौकशी कुठून पुरणार, असे कोणी विचारेल. पण एका दिवसात चाळीस-चाळीस बायका बोलावण्याची पद्धत आहे, म्हणूनच गाद्याही पुरत नाहीत आणि शब्दही.

याहून गुंतागुंतीचा भाग तक्रारींचा आहे. 'तांबी बसवल्यापासून अंगावरून पांढरे जाते', 'इंजेक्शन घेतल्यापासून कंबर धरली', 'ऑपरेशन झाल्यापासून अंगात ताकद नाही, जीव घाबरा होतो' ही वाक्ये मराठवाड्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात ऐकू येतात. गोव्यातच, बार्देश तालुक्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या अभ्यासात पांढरे पाणी जाण्याच्या तक्रारीचे मूळ शोधले गेले. जंतुसंसर्गापेक्षा त्या तक्रारीचे नाते मानसिक त्रासाशी, घरातल्या छळाशी, गरिबीशी अधिक घट्ट निघाले. याचा अर्थ बाई खोटे बोलते, असा मुळीच नाही. मनाच्या दुखण्याला आपल्याकडे सभ्यपणे उच्चारता येईल अशी जागा नाही, म्हणून ते कंबर, पोट, पांढरे पाणी या वाटांनी बाहेर पडते. आता यात तिहेरी पेच होतो. तांबीमुळे रक्तस्राव खरोखरच वाढतो, आणि राज्यात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. रक्त कमी झाले की थकवा, चिडचिड, निरुत्साह येतो आणि तो नैराश्यासारखाच दिसतो. उलट आधीचेच नैराश्य तांबीच्या नावावर खपते, तांबी काढली जाते आणि त्रास तसाच राहतो. तिसरे म्हणजे, ही तक्रार घेऊन बाई खासगी दवाखान्यात गेली की, 'पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल' हे ऐकून परतते. मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली विधान परिषदेत सांगण्यात आले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ऊसतोडीच्या फडावर पाळीचे दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, हे त्याचे एक कारण. पण पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीपासून पिशवी काढण्यापर्यंतचा रस्ता इतका सरळ झाला, कारण मध्ये कोणी 'झोप लागते का, घरी काही त्रास आहे का' असे विचारून थांबवणारे नव्हते. तिशीत बीजकोशांसकट पिशवी काढली की अकाली ऋतुनिवृत्ती येते आणि तिच्यासोबत पुन्हा उदासी. जो त्रास घेऊन बाई आली होती, त्याहून मोठा घेऊन ती घरी जाते.

तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा व्यवहार इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. एकदा टोचले की तीन महिने ते शरीरातून काढता येत नाही, म्हणून मनावर परिणाम झालाच तर वाट पाहण्याखेरीज उपाय नसतो. पाळी अनियमित होते किंवा थांबते. ज्या बाईला चिंतेचा विकार आहे तिला न आलेली पाळी म्हणजे गर्भ राहिल्याचीच शंका. हे आधी सांगितले तर निभते, न सांगता टोचले तर प्रत्येक महिना दहशतीचा जातो. १९८० च्या दशकात स्त्री संघटनांनी इंजेक्शनांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, तो याच मुद्द्यावर: माहिती न देता, पाठपुरावा न करता टोचणे. तो आक्षेप आजही जिवंत आहे. फक्त त्याचे उत्तर बंदी नसून पाठपुरावा आहे. आणि पाठपुरावा हिंगोलीत कॅलेंडरशी भांडतो. दिवाळीच्या आसपास उचल घेऊन जोडपे 'कोयता' म्हणून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते, परतते ते मार्च-एप्रिलमध्ये. सप्टेंबरात घेतलेल्या इंजेक्शनची पुढची तारीख डिसेंबरात, उसाच्या फडात पडते. अशा बाईला जाण्याआधीच तांबीबद्दल किंवा लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेल्या 'छाया' गोळीबद्दल सांगायला हवे. 'छाया'त एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्याला एक गोळी एवढेच, आणि सहा महिन्यांची पाने ट्रंकेत मावतात.

मानसोपचाराच्या बाजूनेही खिडकी बंदच आहे. एस. एस. आर. आय. गटातली नैराश्याची नेहमीची औषधे आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचे आपसात काही बिघडत नाही. पण झटके आणि मनाचे चढउतार या दोन्हींसाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन गोळीचा परिणाम कमी करते, आणि उलट गोळीतल्या एस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी घसरते. सर्वांत गंभीर आहे व्हॅल्प्रोएट. गर्भारपणात ते चालू राहिले तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आणि तीस ते चाळीस मुलांत वाढीचे, शिकण्याचे प्रश्न संभवतात. स्वस्त आणि परिणामकारक म्हणून ते लिहिले जाते, विवाहित तरुण स्त्रीलाही. ते लिहिताना 'पाळणा लांबवायला काय करता?' हे विचारणे चिठ्ठीचाच भाग असायला हवे. काही मानसोपचार औषधांनी पाळी थांबते. बाईला वाटते आता दिवस जाणार नाहीत, आणि ते चूक ठरते. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. स्त्रीरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एका छताखाली असण्याचा उपयोग या एका गोष्टीसाठी जरी झाला, तरी मोठी मजल ठरेल.

सगळ्यांत जड आक्षेप वेगळाच आहे. मनाची चौकशी सुरू केली की ती चौकशी चाळणी बनेल. 'हिचे डोके ठीक नाही' म्हणून बाईला साधन नाकारले जाईल किंवा तिच्यावर लादले जाईल. ही भीती आपल्या इतिहासातून आली आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. नैराश्य आणि मतिमंदत्व वेगळे. पण 'तिचे हित आम्हाला कळते' हा सूर दोन्हीकडे तोच लागू शकतो. नसबंदीच्या सरकारी मानकांत मनोरुग्ण व्यक्तीसाठी मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला आणि पालक किंवा जोडीदाराचे निवेदन मागितले आहे. सौम्य नैराश्य असलेल्या बाईलाही कोणी हा नियम लावला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी चार चकरा मारून ती नाद सोडेल आणि नको असलेले गर्भारपण पदरात घेईल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र दिशा स्पष्ट केली आहे. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी आहे, आणि आजाराचे निदान झाले म्हणजे निर्णयक्षमता गेली असे मानता येत नाही. गर्भपाताचा कायदा तर याहून जुना आणि धीट आहे. साधन निकामी ठरून राहिलेल्या गर्भाने होणारी मनोवेदना ही स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा आहे, असे गृहीत धरायला १९७१ सालीच मुभा मिळाली; २०२१ च्या दुरुस्तीने ती लग्नाच्या अटीतूनही मोकळी केली. गर्भनिरोधन आणि मन यांचा धागा कायदेमंडळाने पन्नास वर्षांपूर्वी ओळखला, आरोग्य खात्याच्या नोंदवहीने अजून नाही. तेव्हा उत्तर चौकशी टाळण्यात नाही, चौकशीचा उपयोग ठरवून देण्यात आहे. तिच्या उत्तरावरून कोणतेही साधन नाकारायचे नाही; फक्त तिने तसे मागितले तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायची, आणि पुढची भेट लवकर ठेवायची. नसबंदीत मृत्यू, अपयश किंवा गुंतागुंत झाली तर भरपाई देणारी सरकारी योजना आहे. त्या यादीत मनाच्या दुखण्याला जागा नाही, त्यामुळे त्याची नोंद ठेवण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

आणि हे सगळे करायचे कोणी? पुन्हा आशाताईनेच? कामानुसार मिळणारे तिचे मानधन आणि वाढत जाणाऱ्या याद्या यांवरून २०२३ साली राज्यभर संप झाला होता. ऑपरेशनला बाई नेली तर प्रेरक म्हणून तिला पैसे मिळतात; 'थांब, आधी बरी हो' असे सांगितले तर मिळत नाहीत. ही विषमता आहे तोवर तिच्या सल्ल्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करणे तिच्यावरच अन्याय आहे. पण गावपातळीवर हे जमतच नाही, असे म्हणायला आधार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीने काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. जागेचाही प्रश्न आहे. ओसरीवर सासूसमोर 'मन लागते का' विचारले तर उत्तर एकच येईल. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बाळ घेऊन आई येते, सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात, आणि त्या वेळी ती बहुधा घरच्यांपासून थोडी बाजूला असते. नैराश्याची वेळ आणि साधन ठरवण्याची वेळ त्याच आठवड्यांत येते. तेव्हा दोन प्रश्न आरोग्य सेविकेने विचारावेत, गरज दिसली तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर तिथूनच बोलणे करून द्यावे. नवी योजना, नवे नाव, नवा फलक यांतले काही लागत नाही. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडणाऱ्या र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लोकांच्या अडचणींना उघड उत्तरे दिली, त्याला शतक होत आले. अंगणवाडीच्या कोपऱ्यात दबक्या आवाजात तेवढे बोलणे आज अवघड ठरू नये.

एक गोष्ट या सगळ्या चर्चेत बाजूलाच राहते, ती म्हणजे पुरुष. महाराष्ट्रात पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.४ टक्के आहे. बिनटाक्याची, काही मिनिटांची शस्त्रक्रिया, पोट उघडावे लागत नाही. तरी खचलेल्या बायकोच्या जागी नवऱ्याचे नाव यादीत घालावे, हे कोणाला सुचत नाही. 'प्रेरणा'मध्ये शेतकरी पुरुषाच्या मनाची चौकशी होते, त्याच्या बायकोच्या तांबीची नाही. कुटुंब नियोजनात बायकोच्या शरीराची चौकशी होते, नवऱ्याच्या दारूची नाही. उपकेंद्रात पुरुष आरोग्य सेवकाचे पद असते, तो तापाच्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने घेत वस्त्या फिरतो आणि पारावर बसलेल्या पुरुषांशी त्याचे बोलणे असते. बायकोला बाळंतपणानंतर बरे वाटत नसेल तर निदान वर्षभर निरोधची जबाबदारी तुमची, आणि पुढे मूल नको असेल तर ऑपरेशनही तुमचे होऊ शकते, हे त्याने त्या पारावर सांगायला काय हरकत आहे?